टेपचे दुसरे टोक

फोन आला तेव्हा मी मैसूरात, चामराजपुरमच्या टपाल कचेरीत रांगेत उभा होतो. हातात नोंदणीकृत टपालाने पाठवायचे एक पत्र होते. आमच्या रस्त्यावरच्या उघड्या गटाराविषयीचे, या विषयावरचे कितवे ते आता आठवत नाही. फोनवर वीणा होती, माझे मित्र नागोजीराव यांची मुलगी. "काका, बाबा पाय घसरून पडले... काका, बाबा नाहीत." आयुष्यभर न्यायालयात शिरस्तेदार म्हणून जबान्या ऐकलेल्या माणसाची जीभ किती निर्लज्ज असते पाहा. मी विचारले, "कुठे? कोणासमक्ष?" पलीकडून ती म्हणाली, "काका, प्रश्न नका ना विचारू." खिडकीवरची बाई कन्नडमध्ये मला पत्र आत सरकवायला सांगत होती. मी ते सरकवले, पावती घेतली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. ती पावती अजून त्याच सदऱ्याच्या खिशात आहे.

तासाभरापूर्वीच मी नागोजीरावांशी बोललो होतो. नुसता बोललो नव्हतो, त्यांना पाहिले होते. वीणाची बदली किनाऱ्यावरच्या एका शहरात झाली आहे. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण अद्याप विचाराधीन आहे. नागोजीराव आणि सुमित्रावहिनी लेकीकडे चार दिवस राहायला गेले होते. त्या शहरातला जुना धक्का, जिथे कुजकी मासळी, फुटक्या होड्या आणि गंजलेली गोदामे याखेरीज काही नसे, तो आता नव्याने बांधून काढला आहे. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे लांबच लांब फरसबंद रस्ता, गोदामांमध्ये उपाहारगृहे, ओळीने लावलेली झाडे, आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या. हे सगळे नागोजीरावांनी मला फोनच्या पडद्यावर, हात उंच करून, यात्रेतला सिनेमा दाखवावा तसे दाखवले. उकाड्याने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता.

"बघा शिरस्तेदार, बघा की! सरकारनं बांधलंय हो हे. आपल्या सरकारनं!"

"कठडा दिसत नाही," मी म्हणालो.

"झालं! मैसूरात बसून ह्यांना कठडा दिसत नाही. अहो, समुद्र बघा ना आधी."

"मोजायची टेप नेलीय ना?"

"टेप बोगादीला, घरी खिळ्यावर. मी इथं पाहुणा आहे, मोजायला नाही आलो." मग कॅमेरा खाली पायऱ्यांकडे वळला. खालच्या पायऱ्या ओल्या होत्या, थोड्या हिरवट. "रात्री पाऊस पडला असणार इथं," ते म्हणाले. "थांबा, जरा पाय धुऊन येतो, मग करतो फोन."

पाऊस पडलेला नव्हता. त्या पायऱ्या पहाटे पाण्याखाली होत्या. आम्ही तळ्याकाठची माणसे. आमच्याकडचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळीही असते. देवळाच्या पुष्करणीची पायरी उन्हाळ्यात उघडी पडते ती महिन्यांनी. आणि पाणी दिसले की शेवटच्या पायरीपर्यंत उतरायचे, पाय धुवायचे, ओंजळभर घेऊन डोळ्यांना लावायचे, ही आमच्या घराघरातली रीत. नागोजीरावांनी समुद्राला पुष्करणीचा मान दिला. भरतीने दिवसातून दोनदा झाकलेल्या आणि दोनदा उघड्या टाकलेल्या दगडावरच्या शेवाळाविषयी त्यांना कोणी सांगितले नव्हते. तिथे फलक आहेत. थुंकू नका, फुले तोडू नका, कुत्री आणू नका, आणि उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले ते संगमरवरावर सोन्याच्या अक्षरांत. या पायऱ्यांवर पाणी चढते, एवढे एक वाक्य कोणत्याही भाषेत नाही.

समाचाराला आलेले लोक म्हणाले, समुद्राने बोलावले. दैवात होते. हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांना मी त्याच क्षणी गप्प केले आहे, आणि इथे पुन्हा एकदा करतो. समुद्राने कोणालाही बोलावले नव्हते. बोलावले त्या पायऱ्यांनी, आणि त्या निविदा काढून, आराखडा मंजूर करून, सार्वजनिक निधीतून बांधलेल्या आहेत. जिथे आराखडा असतो तिथे दैव नसते. तिथे सही असते.

नागोजीराव सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसीयर होते. निवृत्त झाल्यावर आमची जोडी जमली ती कुवेंपुनगरात, बस थांब्याजवळच्या उखडलेल्या पदपथावर. मी तिथे ठेचकाळलो आणि उभ्या उभ्या इंग्रजीत अर्जाचा मसुदा बोलू लागलो. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाने खिशातून पोलादी टेप काढली आणि शुद्ध मराठीत, म्हणजे आमच्या इकडच्या शुद्ध मराठीत, म्हटले, "नुसतं 'खूप उंच आहे' म्हणून लिहिलात तर कचऱ्यात टाकतील. किती उंच ते लिहा की. धरा हे टोक." मी धरले. त्या दिवसापासून कायदा माझा आणि माप त्यांचे, अशी विभागणी ठरली ती अखेरपर्यंत.

त्यांच्या मोजण्याची एक पद्धत होती, आणि ती मी इतर कोणात पाहिली नाही. टेपचा पहिला फूट घासून घासून पांढरा झाला होता. त्यावर एक आकडा शिल्लक नव्हता. नवी टेप त्यांनी कधी घेतली नाही. एक फुटाच्या खुणेपासून मोजायचे आणि शेवटी एक वजा करायचा. आणि हे सारे मोठ्याने, कन्नडमध्ये, लिलाव पुकारावा तसे. "नाल्कु अडी! ओंदु तेगीरी! मूरु अडी!" चार फूट, एक काढा, तीन फूट. येणारे-जाणारे थबकत. पहिल्यांदा मला लाज वाटली. मी म्हटले, नागोजीराव, हळू. ते म्हणाले, "हळू कशाला? ऑफिसवाले उद्या म्हणतील घरी बसून आकडा घातला. हा फूलवाला ऐकतोय, तो रिक्षावाला ऐकतोय. साक्षीदार आयते मिळतायत तुम्हांला, समन्स न काढता. आणखी काय पाहिजे?" पुराव्याच्या कायद्याचे इतके सुटसुटीत विवेचन मी कोणत्याही न्यायालयात ऐकलेले नाही.

वहिनी मात्र या सगळ्याला हसत. आम्ही बोगादीच्या त्यांच्या घरी पत्राला अंतिम रूप देत बसलो की कॉफीचे पेले ठेवताना म्हणत, "आज कुणाचं श्राद्ध घालताय दोघं मिळून?" त्यांना वाटे हा रिकामटेकड्यांचा उद्योग. त्या आमच्या पत्रांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, अशी माझी समजूत होती.

एका गोष्टीवरून मात्र नागोजीरावांचे माझ्याशी कायमचे भांडण होते. त्यांच्या घराजवळच्या बागेतला एक झोपाळा मोडकळीस आला होता. आम्ही पत्र पाठवले: कड्या झिजलेल्या आहेत, अपघात संभवतो, तातडीने उपाययोजना व्हावी. मसुदा निर्दोष होता. उत्तरही आले, तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. पाहायला गेलो तर सगळेच झोपाळे काढून नेलेले आणि फाटकाला कुलूप. नागोजीरावांनी ते कुलूप हलवून पाहिले. "शिरस्तेदार," ते म्हणाले, "आपण म्हटलं झोपाळा नीट करा. त्यांनी पोरंच काढून टाकली की हो." तेव्हापासून त्यांचा आग्रह असे की प्रत्येक पत्राच्या शेवटी 'मात्र बंद करू नये' असे लिहायचे. मी म्हणे, मागणी अशी लिहीत नाहीत. जे हवे ते मागावे, जे नको ते सुचवू नये. ते म्हणत, "तुमचं कोर्ट राहू दे. ह्या लोकांना कुलूप फार स्वस्त पडतं." कधी मी ते वाक्य घाली, कधी टाळी. टाळले की ते सही करताना एकदा माझ्याकडे पाहत, बस.

दिवस झाले. अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडल्या. मी मसुदा तयार केला. खोटे कशाला सांगू, आयुष्यात इतका जळजळीत मसुदा मी लिहिला नव्हता. निष्काळजीपणा, कर्तव्यच्युती, मनुष्यहानी. जबाबदार अधिकाऱ्याचे नाव उघड करा, कंत्राटदारावर गुन्हा नोंदवा, या पायऱ्या तत्काळ... तिथे 'प्रतिबंधित करा' असे लिहिले होते. मापे तेवढी नव्हती. मापांसाठी मी बोगादीला जाऊन वहिनींकडे टेप मागितली. ती दारामागे खिळ्यावर, छत्रीशेजारी होती. वहिनी म्हणाल्या, "नाही देणार."

"वहिनी, आकड्यांशिवाय पत्राला अर्थ नाही."

"भावजी, तिथं ते हसत होते. लहान पोरासारखे हसत होते हो. तुम्ही त्यांना आता कागद करून टाकणार. पुरावा क्रमांक अमुक. नको मला ते." मग खिळ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "मला तिथं जायचंय पण. त्याच पायरीवर बसायचंय जरा. वीणाला सुट्टी नाही. तुम्ही न्याल?"

आम्ही बसने घाट उतरून गेलो. खाली उतरताच ती दमट ऊब अंगाला लपेटली. मी रागाने भरूनच गेलो होतो, त्यामुळे जे पाहिले त्याने मला अधिकच धक्का बसला. जागा सुंदर होती. पडद्यावर दिसली त्याहून सुंदर. बुरखा घातलेली एक आजी चाकाच्या खुर्चीत बसून नातवाला होड्या दाखवीत होती. जुन्या गोदामाच्या सावलीत कामगार डबे सोडून जेवत होते. कोणी कोणाला उठवत नव्हते, कोणी तिकीट मागत नव्हते. निवृत्त ओव्हरसीयरचा ऊर का भरून आला असेल ते मला तिथे उभे राहून समजले, आणि मला माझ्या मित्राचा त्याच क्षणी इतका राग आला... की ते खरे बोलत होते.

मग पायऱ्या आल्या. म्हणजे यायला हव्या होत्या. तिथे पत्रे होते. निळे, पुरुषभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकलेले पत्रे. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. पाणी दिसत नव्हते.

पहारेकरी सौजन्याने म्हणाला, "आक्सिडेंट आगिदे सार. अदक्के बंद." अपघात झाला आहे, म्हणून बंद.

मी जी मागणी लिहून खिशात घेऊन आलो होतो ती माझ्या अर्जाची वाट न पाहता मंजूर झाली होती. ना फलक, ना कठडा, ना कोणाचे नाव, ना कोणाची चौकशी. एक माणूस गेला आणि त्याच्या उत्तरादाखल त्यांनी समुद्र झाकून टाकला. बागेचे कुलूप इथे निळा रंग लावून उभे होते. त्यावर एका उपाहारगृहाची जाहिरातही आली होती.

वहिनी पत्र्याला तळहात लावून उभ्या होत्या. रडतील असे वाटले. त्यांनी पर्स उघडली, चष्म्याच्या डबीखालून टेप काढली आणि तिचे टोक माझ्यापुढे धरले.

"धरा, भावजी."

"वहिनी, तुम्ही तर..."

"धरा म्हणते ना. हे काय लावलंय ह्यांनी? त्यांच्या नावावर लावलंय हे?"

पत्र्यांच्या शेवटी एक फट होती. तिथून वरच्या, कोरड्या पायऱ्या दिसत होत्या आणि खाली शेवाळाची हिरवी रेघ, पाणी जिथवर चढते तिची. मी टोक धरले. वहिनी पदर खोचून फटीतून आत शिरल्या आणि टेप ओढत कोरड्या पायऱ्यांवर उतरू लागल्या. पहारेकरी धावत आला, "अय्यो अम्मा, अळते यातक्के?" मोजता कशाला? वहिनींनी त्याच्याकडे पाहिले नाही. हिरव्या रेघेच्या अलीकडे त्या थांबल्या, वाकल्या, आणि एरवी स्वयंपाकघरातून अंगणापर्यंतही न पोहोचणारा त्यांचा आवाज त्या धक्क्यावर उमटला:

"हत्तु अडी!" दहा फूट. थोडे थांबून, "ओंदु तेगीरी! ओंबत्तु अडी!" एक काढा, नऊ फूट.

लोक थबकले. डबे खाणारे कामगार उठून उभे राहिले. मी पांढरा पडलेला पहिला फूट अंगठ्याखाली दाबून धरला होता, आणि ज्यांनी आमचे एकही पत्र कधी वाचले नाही अशी माझी समजूत होती, त्यांना तो वजा करायचा असतो हे माहीत होते. नऊ फूट कोरडा दगड. कठडा लावून खाली उतरणे अडवायला आणि वर बसून पाणी पाहायला भरपूर जागा. पहारेकरी म्हणाला, "साकु अम्मा," पुरे. त्यांनी मान डोलावली, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या आणि पाण्याकडे पाहत राहिल्या. पहारेकरी टोपी काढून बाजूला उभा राहिला.

जुना मसुदा मी फाडला नाही. त्यातली कलमे आवश्यक आहेत आणि जबाबदार व्यक्तीचे नाव मी मिळवणारच आहे. परंतु त्यातला 'प्रतिबंधित करा' हा शब्द मी काढला. आता पत्राचे पहिलेच वाक्य असे आहे: या पायऱ्या बंद करू नयेत. खाली कठडा, फलक, भरतीची खूण, चौकशी. त्याखाली नऊ फूट. कायद्याच्या दृष्टीने सुरुवात अशी करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सह्या दोन आहेत, पूर्वीसारख्याच; दुसरी सुमित्रावहिनींची.

उत्तर अजून नाही. पत्रे अजून उभे आहेत, असे वीणा कळवते. मी दर आठवड्याला स्मरणपत्र पाठवतो, आणि ते वाचून दाखवायला बोगादीला जातो. परवा गेलो तेव्हा सवयीने दारामागे पाहिले. छत्री होती, खिळा रिकामा होता. माझी नजर वहिनींनी ओळखली. कॉफीचा पेला ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पर्समध्येच असू दे, भावजी. कठडा लावला की उंची बघायला जावं लागेल ना."