मीठ चाटवलेली कालवड

विमल गेल्याचं तिच्या लेकीनं, मनीषानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी भाजी निवडत होते. फोन ठेवला आणि पुन्हा भाजीच निवडू लागले... रडू आलं ते दुसऱ्या दिवशी.

आम्ही दोघी कन्हेरीच्या. नव्वदच्या दशकात आम्ही शाळेत असताना इंदापूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात मुलामुलींसाठी कालवडींची स्पर्धा असायची. वासरू आपणच वाढवायचं, आपणच रिंगणात परीक्षकांपुढं फिरवायचं. विमलची चंद्री कासरा ढिला सोडला तरी तिच्या मागं चालायची. पण विमलला बक्षिसापेक्षा गोठा हवा होता. घरात दोन भाऊ असताना जनावरांचं तिला कोण विचारणार? तिचे वडील, आबा, मात्र बोलून गेले होते, "नंबर आण, गोठा तुझा."

तेव्हा एक रीतच होती. आदल्या संध्याकाळी जनावराला मीठ चाटवायचं, म्हणजे सकाळी ते भरपूर पाणी पितं आणि अंगानं भरलेलं दिसतं. आबांनीही चाटवलं. रिंगणात परीक्षकांनी चंद्रीच्या पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, "छान भरलीय. काय खाऊ घालतेस?" बाकीची पोरं पेंड, घास असं घोकून आली होती. ही बया म्हणाली, "मीठ चाटवलंय, साहेब. पोट पाण्याचं हाय." परीक्षक हसले आणि नंबर दुसऱ्याच कालवडीला गेला. परतताना टेम्पोत आबा आमच्याकडं पाठ करून बसले. मी तिला चिमटा काढला, "गप बसायला काय झालं हुतं?"

"इचारलं की त्यांनी," ती म्हणाली.

पुढं एक गाय आजारी पडली. काय खाल्लं होतं, असं डॉक्टर विचारू लागले तेव्हा भाऊ एकमेकांकडं बोट दाखवू लागले. आबा म्हणाले, "विमलला इचारा." बुरसलेली पेंड आपल्याच हातून गेली, हे तिनं सांगून टाकलं. गाय वाचली. तेव्हापासून आबा तिलाच विचारत गेले. लग्न गावातच झालं, तरी पहाटे ती माहेरच्या गोठ्यात हजर. पण गोठा तुझा, हे आबा पुन्हा कधी म्हणाले नाहीत आणि ही मानी, तिनंही विषय काढला नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

परवा कन्हेरीला आबांच्या गोठ्यावर गेले, तर माळेगावचे एक गृहस्थ गाय बघायला आलेले. व्यवहार जुळत आला होता. तेवढ्यात, आता आईच्या जागी जनावरं बघणारी मनीषा आपणहून म्हणाली, "मागच्या एका सडातनं दूध कमी येतं बरं का."

गृहस्थ चपापले. "असं कोण सांगतं व्हय, पोरी?"

बाजेवर पडलेले, आता पार थकलेले आबा हळूच उठून बसले.

"हितं सांगत्यात," ते म्हणाले. "विमलचा गोठा हाय ह्यो."