अनुमोदकाच्या नावावरची पट्टी

हे मी इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, पोटच्या मुलीजवळ नाही. मागच्या महिन्यात बोलले ते उभ्या उभ्या, चार वाक्यांत. असं बसून सगळं आज पहिल्यांदा सांगतेय—मध्ये थांबवू नकोस, एकदा थांबले की माझं तोंड पुन्हा उघडायचं नाही.

आमची ऐरोलीची सोसायटी. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. मी तिची सेक्रेटरी होते, आणि का? तर माझं अक्षर चांगलं! ऑफिसात जन्मभर फायली लिहिल्या, म्हणून मीटिंगचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात. एक गंमत सांगू? आमचं इतिवृत्त मीटिंगच्या आधीच तयार असायचं. ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हे मी दुपारीच लिहून ठेवायची, संध्याकाळी मंडळी चहा प्यायची नि सह्या ठोकायची. दोनच जागा रिकाम्या सोडायची—ठराव मांडणारा सूचक, आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक.

आता माझं. हळदीकुंकवाला सुमनताई पुढे, गणपतीच्या आरतीला सुमनताई पुढे. आडनावाला गावाचं ‘कर’ लावलेलं, कुणी विचारलंच तर ‘आम्ही कोकणातले’ म्हटलं की झालं. खोटं नव्हतं ते. पण खरं तरी कुठे होतं? लग्नात आईने दिलेला निळ्या कोटातला फोटो कपाटात होता, साड्यांखाली, पालथा. मुलीला लहानपणीच दटावून ठेवलेलं—बिल्डिंगमध्ये जयभीम म्हणायचं नाही. आमचे हे आता नाहीत, त्यांचं नाव मी पुढे करणार नाही. दटावलं मीच.

तू म्हणशील, एवढंच ना? कितीतरी जण लपवतात. नाही—थांब—एवढंच नाही.

एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. घेणार होती लता. मराठवाड्यातली, हॉस्पिटलात नर्स, नवरा न्हावा शेव्याला कामाला. घर बघायला आली आणि कमिटीतल्या सगळ्यांना तिने खणखणीत जयभीम घातला. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? तो झालाच नाही! ही बाई इथे राहायला आली तर दोन दिवसांत मला ओळखेल, एवढंच डोक्यात.

मग मीटिंग. ‘सदर कुटुंब सोसायटीच्या वातावरणाशी जुळणारे नसल्याने सभासदत्व देऊ नये.’ वाक्य तेव्हाच्या चेअरमनचं, अक्षर माझं. सूचक ते झाले. अनुमोदक कोण? सगळे आपापल्या कपात बघायला लागले. तो ठराव तिथेच पडला असता—लक्षात येतंय ना?—कुणी दुजोरा दिला नसता तर पडलाच असता. कुणी माझ्याकडे बोटही दाखवलं नव्हतं. आणि मी म्हटलं, “माझं नाव घाला.” घालणार कोण? मीच! घातलं. अगदी वळणदार.

लता गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने रजिस्टरची नक्कल काढली. ड्युटी संपली की युनिफॉर्मातच सहकार खात्याच्या ऑफिसात चकरा. आणि जिंकली! सभासदत्व द्यावंच लागलं. राहायला आली त्या दिवशी तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पायरी-पायरीवर रांगोळी, दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोरसुद्धा. मी दाराच्या भिंगातून बघत होते. ऊर भरून आला होता माझा. आपली जिंकली, असं वाटलं. आपली! कुठल्या तोंडाने म्हणत होते मी?

आज तीच चेअरमन आहे. इतिवृत्त आता सगळ्यांसमोर लिहितात, आधी नाही. अनुमोदक मी होते हे नकलेवरून तिला पहिल्यापासून ठाऊक, तरी जिन्यात भेटली की हसायची. मी कोण आहे, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात इथल्या एका लहानशा संग्रहालयात नागरी हक्कांवर प्रदर्शन लागलं, ‘लढा चालूच आहे’ नावाचं. लताने अख्खी सोसायटी बस करून नेली. काय रुबाब होता तिचा! जुन्या मोर्चांचे फोटो, पाणवठ्यांचे फोटो, आजच्या पोरांची निवेदनं, सगळं तीच समजावून सांगत होती. शेवटी एका काचेत तिच्या घराची पहिली किल्ली, तिच्या बाजूने निघालेला आदेश, आणि रजिस्टरातलं माझ्या हातचं पान. नावांवर काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. कुणीतरी विचारलं, पट्ट्या कशाला?

“मीच लावा म्हणले,” लता म्हणाली. “त्यांनाबी लेकरंबाळं हायेत.”

झाकलेलीच घरी जाऊ शकले असते मी. बस दारात उभी होती. पण ‘सर्वानुमते’ त्या काचेतून माझ्याकडे बघत होतं, आणि पाय काही निघेना.

“लताताई, जयभीम,” मी म्हटलं. चांगलं मोठ्याने. सोळा बिऱ्हाडं वळून बघायला लागली. “मी बौद्ध आहे. माझी आई, माझी आजी, आम्ही सगळे. आणि ही अनुमोदक मी.”

ती हसली नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“आपली असून?”

“हो.”

जयभीमला तिने उत्तर दिलं नाही. संग्रहालयातल्या मुलीला हाक मारून काच उघडायला लावली, माझ्या नावावरची पट्टी स्वतःच्या नखाने सोलून काढली, आणि एक कोरं कार्ड नि पेन माझ्यापुढे धरलं. “लिहा. तुमच्याच अक्षरात.”

लिहिलं. घरी आले, साड्यांखालचा फोटो काढला, पुसला, हॉलमध्ये दरवाजासमोर लावला. मुलीला फोनवर तेवढीच चार वाक्यं सांगितली. ती रडली, मग चिडली. चिडू दे.

प्रदर्शन अजून चालू आहे. सूचकाच्या नावावर पट्टी आहे, अनुमोदकाच्या नाही. खाली कार्डावर वाचता येईल, ‘अनुमोदक स्वतः बौद्ध होती. तिने ते लपवलं होतं.’ शेजारी लताच्या घराची किल्ली आहे. गेलास तर आधी ती बघ. मग मला वाच.