रिकाम्या कढईला फोडणी

माझं लग्न जमावं म्हणून मी अमेरिकेत बसून स्वतःवर एक सिनेमा काढला होता, आणि त्या सिनेमात माझ्या मालकीचं असं एक नाकच होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला न्यू जर्सीत नोकरी लागून तीनेक वर्षं झाली होती आणि इकडे नेरूळला आईचा धीर सुटत चालला होता. गिरगावातली खोली सोडून आई-बाबा नव्या सोसायटीत राहायला आले होते. फ्लॅट झाला, फ्रीज झाला, सोफा झाला, आता घरात सून तेवढी कमी होती. परदेशी फोन महाग, त्यामुळे आई फोनवर तारेच्या भाषेत बोलायची. एके दिवशी तिने सांगितलं, ‘‘बी विंगमधल्या काकूंच्या भाच्याने स्वतःची कॅसेट पाठवली. लगेच जमलं. तू पण पाठव. आवडीनिवडी, विचार, राहणीमान, सगळं सांग. ठेवते.’’

मी विचार करायला बसलो. आवडीनिवडी म्हणाव्यात, तर मला झोप आवडायची. विचार होते, पण ते शुक्रवारी यायचे आणि सोमवारी जायचे. राहणीमान म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली खोली. तिच्या खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. हे सगळं कॅसेटवर उतरवलं असतं, तर माझ्याकरता मुलगी नाही, वर्गणी गोळा झाली असती!

म्हणून मी माझा मित्र मोहन याच्याकडे गेलो. मोहनकडे स्वतःचं घर होतं, लाल गाडी होती, व्हिडिओ कॅमेरा होता आणि सुलभावहिनी होत्या. (या क्रमाने सांगितलेलं वहिनींना अजून आवडत नाही.) रविवारी शूटिंग झालं. मोहनचा शर्ट घालून, मोहनच्या लाल गाडीला टेकून मी म्हणालो, ‘‘साधी राहणी आणि उच्च विचारसरणी हे माझं तत्त्व आहे.’’ मोहनच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभं राहून वाचनाची आवड सांगितली. (पुस्तकं इन्कम टॅक्सची होती. मोहनने कॅमेरा जरा लांब धरला.) प्लॅस्टिकच्या कुंडीवर हात ठेवून निसर्गाबद्दलही दोन शब्द बोललो.

शेवटचा प्रसंग स्वयंपाकघरातला. हल्ली मुलींना स्वयंपाक करणारा नवरा आवडतो, हे मोहनचं मत. वहिनींनी त्यांची नवीकोरी नॉनस्टिक कढई जड मनाने शेगडीवर ठेवली, पण गॅस पेटवू दिला नाही. मी रिकाम्या कढईत डाव फिरवत म्हणालो, ‘‘दिवसभराचा शीण एकदा फोडणी दिली की पार निघून जातो.’’ आणि कढईकडे बघून हसलो. मोहन म्हणाला, एका दमात झालं. पाकीट त्याच दिवशी पोस्टात पडलं.

तिकडची कॅसेट इकडच्या व्हीसीआरवर चालत नाही, हे बाबांना वाशीच्या व्हिडिओवाल्याने सांगितलं. त्याने ती इकडच्या पद्धतीची करून दिली, करता करता स्वतः बघितली आणि ‘‘पोरगा बरा आहे, पण कॅमेऱ्यात बघत नाही,’’ असा शेराही दिला. मग आईने ती कॅसेट सगळ्या सोसायटीला दाखवली. वॉचमनने बघितली, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याने बघितली. मी तीन आठवड्यांच्या रजेवर आलो, तेव्हा दारात करावे गावच्या चंदाताई मासळीची पाटी उतरवून बसल्या होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘‘तुमीच काय ते टीव्हीमंदले? टीव्हीमंदी उंच दिसता हो,’’ असं म्हणून त्या पुन्हा आईशी पापलेटच्या भावावर घासाघीस करू लागल्या.

कॅसेट बघून एक स्थळ पुढे आलं होतं. मुलगी वृंदा, वाशीची. पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात होती, म्हणजे रंगाची प्रत्येक खेप पास करायची की नापास, हे तिच्या हातात. मी तिचा फोटो बघितला आणि माझी झोपेची आवड तिथेच संपली. खरंच सांगतो, तीन रात्री मी नुसता पंख्याकडे बघत पडलो होतो. हे जमलं नसतं तर मी परत त्या तळघरात जाऊन लोकांचे बूट बघत म्हातारा झालो असतो.

रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांच्याकडे जायला हवं होतं, पण तेच आमच्याकडे येतो म्हणाले. घर बघायचंय, असं कारण सांगितलं. आले तिघं: वृंदा, तिचे वडील आणि तिची मावशी. मावशी पनवेलला शिवणाचे क्लास घ्यायच्या आणि माणसाकडेही कापड उसवलेलं कुठे आहे, अशाच नजरेने बघायच्या. आईने समोसे आणि बर्फी पुढे केली. मावशींनी ताटली हळूच मागे सारली.

‘‘मला तेलकट चालत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुलाला स्वयंपाकाची आवड आहे ना? मग कांदेपोहे त्यानेच करू देत की. आमच्या मुलींनी इतकी वर्षं केले, एकदा मुलाने केले तर काय बिघडतंय?’’

सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर बघतो तर मावशी उठून स्वयंपाकघराकडे निघाल्याही होत्या. आई मागे धावली, तर तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. वृंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिची ती उभं राहण्याची पद्धत बघून मला तिच्या कारखान्यातल्या रंगांची दया आली.

पोहे कुठे असतात हे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. स्टुलावर चढलो आणि वरच्या फळीवरचे डबे उघडत गेलो. एका डब्यात पोहे सापडले. दुसऱ्याही डब्यात सापडले. पोह्यांत पातळ आणि जाड असे दोन पंथ असतात, पातळांचा चिवडा होतो आणि कांदेपोह्यांना जाड लागतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दिसायला नाजूक म्हणून मी पातळ घेतले आणि भांड्यात पाणी ओतून ते भिजत ठेवले. मावशींच्या भुवया वर गेल्या.

मग कढईत तेल घातलं, मोहरी घातली, कांदा घातला, गॅसचं बटण फिरवलं आणि ढवळायला लागलो. तिकडच्या शेगडीला बटण फिरवलं की जाळ आपोआप येतो. (तळघरात मी मॅगीचं पाणी तापवायचो, तेवढा माझा शेगडीशी संबंध.) इकडे मी बराच वेळ मन लावून ढवळत होतो. मोहरी तडतडेना, कांदा हलेना, आणि काहीतरी वास मात्र यायला लागला. वृंदा पुढे आली. तिने बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली आणि वास जाईपर्यंत शांतपणे थांबली. मग खिळ्याला अडकवलेला लायटर काढून गॅस पेटवला.

‘‘कॅसेटमध्येही गॅस पेटलेला नव्हता,’’ ती म्हणाली.

एवढं बोलून ती पुन्हा चौकटीला जाऊन टेकली. तोवर भांड्यातल्या पोह्यांचा लगदा झाला होता. तो मी कढईत ओतला, हळद जरा जास्त पडली, हिंग बराच जास्त पडला. ताटल्यांत वाढताना तो चमच्याला सोडायला तयार नव्हता. बाहेर सगळ्यांनी एकेक घास घेतला आणि पाण्याचे पेले उचलले. बाबा फार प्रेमळ माणूस. ते म्हणाले, ‘‘उपमा झकास जमलाय.’’

मावशींनी ताटली खाली ठेवली आणि कॅसेट लावायला सांगितली. आईला वाटलं, कौतुकाने बघताहेत. तिने उत्साहाने लावली. लाल गाडी गेली, इन्कम टॅक्स गेला, कुंडी गेली. माझी फोडणी सुरू झाली आणि मावशी म्हणाल्या, ‘‘इथे थांबवा.’’

पडदा थरथरत थांबला. माझ्या शेजारून एक हात कढईत शिरला होता. बाईचा हात. मनगटात हिरव्या बांगड्या. माझ्या हातातला स्टीलचा डाव काढून घेऊन तो लाकडी डाव देत होता. मला तो क्षण आठवला. स्टीलच्या डावाने नॉनस्टिक खरवडली जाते म्हणून सुलभावहिनींचा जीव वर-खाली होत होता. कढईच्या मायेने त्यांचा हात आपसूक मध्ये आला आणि गेला. कॅमेरा धरणाऱ्या मोहनला त्यात वेगळं असं काही दिसलं नाही. त्याच्या घरात तो हात रोजच मध्ये यायचा.

आमच्या आईने ती कॅसेट पाठ होईपर्यंत बघितली होती, पण तिला तो हात कधी दिसलाच नव्हता. ती फक्त माझ्याकडे बघत आली होती. आता तिला तो दिसला आणि तिचा चेहरा पडला. ‘‘तिकडे लग्न केलंस का रे?’’ तिने विचारलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला बाकी काहीही चाललं असतं, पण आईचं ते विचारणं फार लागलं.

मी घाईघाईने सांगितलं, की ही मोहनची बायको. मावशींनी विचारलं, ‘‘मोहनची बायको तुमच्या घरात काय करत होती?’’

‘‘ते घर मोहनचंच आहे.’’

‘‘आणि गाडी?’’

‘‘मोहनची.’’

‘‘पुस्तकं? कुंडी?’’

मी मान हलवली. वृंदाचे वडील चपला शोधायला लागले होते. वृंदाने विचारलं, ‘‘मग त्यात तुमचं काय होतं? शर्ट तरी?’’

खोटं बोलायला तेवढी एकच जागा उरली होती, पण मोहनच्या शर्टाच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत येत होत्या हे पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. वृंदाचे वडील दारापर्यंत पोचले. बाबांनी आणखी एक घास उपमा म्हणून खाल्ला, बहुधा काय करावं ते न सुचून.

‘‘बसा हो भावोजी,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मुलगा खोटारडा आहे, पण एकटा आहे.’’

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. माझ्या पँटची खालची दुमड उसवलेली होती, आणि ती मी ऑफिसातल्या स्टेपलरने टाचली होती. दोन्ही पायांना रांगेने पिना. मला ती सोय इतकी अंगवळणी पडली होती, की मुलगी बघायच्या दिवशीही पँट बदलावी असं मनात आलं नाही.

‘‘स्टुलावर चढला तेव्हा नेमक्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या या पिना,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘जिथे बाई आहे तिथे पुरुषाच्या पँटला सुईदोरा लागतो. नाहीतर ती पँट फरशी पुसायला जाते. हा एकटाच राहतो, ह्याला कोणी विचारत नाही.’’

आईने डोळे पुसले आणि विचारलं, मग हे मघाशीच का नाही सांगितलंत?

‘‘पिना एकटेपणाचं सांगतात हो ताई. खोटं किती दूरवर ताणतो, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं,’’ असं म्हणून मावशींनी समोशाची ताटली स्वतःकडे ओढली. तेलकट आता चालत होतं!

आम्हा दोघांना बाल्कनीत पाठवलं. खाली मोकळ्या प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळत होती. वृंदाने विचारलं, ‘‘खरं सांगा, तुम्हाला आवडतं काय?’’ मी म्हणालो, शनिवारी दुपारची झोप आणि चहात बुडवलेलं बेकरीतलं बटर. आणखी आठवून बघितलं, तर मला घरची आठवण काढत बसायलाही आवडायचं. तेही सांगून टाकलं.

‘‘हे कॅसेटमध्ये का नाही सांगितलंत?’’

‘‘हे ऐकून कोण हो म्हणणार होतं?’’

ती क्रिकेटकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, नापास. मग ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे रंग जमला नाही म्हणून कोणी लगेच फेकून देत नाही. परत ढवळतात.’’ आणि आत निघून गेली. मला त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा मी बाल्कनीतल्या दोरीवरच्या ओल्या टॉवेलला धरून उभा होतो.

लग्नात मावशींनी आहेर म्हणून सुईदोऱ्याचा डबा दिला, आणि तो माझ्या हातात दिला, वृंदाच्या नाही. मोहन आणि वहिनींनी तिकडून कढई पाठवली. नॉनस्टिक, सोबत लाकडी डाव.

इतकी वर्षं वृंदा मला ढवळतेय. थोडाफार रंग आलाय, असं तिचंही मत आहे. पण अजूनही मी स्वयंपाकघरात शिरून जरा ऐटीत डाव फिरवायला लागलो, की ती बाहेरूनच विचारते, ‘‘गॅस पेटवलास का?’’ मला राग येतो. एवढा संसार झाला, तरी हा प्रश्न? मी तोऱ्यात ‘हो’ म्हणतो, आणि मग खाली वाकून बघतो. खोटं कशाला सांगू, बऱ्याचदा पेटवलेला नसतो.