मंत्राचा कडता

माझ्या मुलीने मला फसवलं. तेही छापील पुस्तकात.

ती पारनेरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि एका जादूगारणीची कादंबरी लिहीत होती. मी श्रीरामपूरच्या बाजारात हमाल म्हणून लागलो, पुढे स्वतःची आडत उभी केली. कादंबरीशी माझा काय संबंध? पण दिवाळीत तिने एक प्रसंग वाचून दाखवला. जादूगारीण कोल्हारच्या पुलावर हात उचलते आणि प्रवरेवर आगीचा लोळ उठतो.

"आग आनली कुठून?" मी विचारलं.

"हवेतली उष्णता ओढून, अप्पा. म्हणून तर कठड्यावर बर्फ साचतो."

"आन् ओढली तेवढी सगळी पोचली? पोतं उचललं की दोन दाणे सांडत्यातच. कडता लाव."

ओल, माती असल्या नावाखाली मालाच्या वजनातून आम्ही जी कपात करतो, तो कडता. ती हसतच सुटली. "अहो, हाच तर नियम आहे! सगळ्याच्या सगळ्या उष्णतेचं काम कधी होत नाही."

मग दुपारभर भांडून आम्ही जादूचे कायदे ठरवले. हवेतली उष्णता फुकट मिळणार नाही, यावर मी अडून बसलो. शेवटी सौदा ठरला: उष्णता मंत्र म्हणणाऱ्याच्याच अंगातून जाईल, कडताही त्याच्याच अंगावर. तिने माझ्या हातावर हात मारला.

परवा पुस्तक आलं. मी आधी शेवटचं प्रकरण उघडलं. जादूगारणीची आई गारठून मरायला टेकलेली. मुलगी मंत्र म्हणते, आई डोळे उघडते. आणि उष्णता जाते शेजारच्या बापाच्या अंगातून. म्हातारा उभ्या उभ्या थिजतो. त्याच्या चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली आहे. माझ्याही.

भर उन्हाळ्यात माझी बोटं गार पडली. बायकोने ते पान वाचलं आणि म्हणाली, "मी वाचले ना? मग झालं तर!"

मी फोन लावला. "सौदा काय ठरला हुता? मला इचारलं का?"

"कडता कापताना तुम्ही शेतकऱ्याला विचारता का, अप्पा?"

नाही विचारत, हे खरं. मी फोन ठेवला.

पण शेतकरी निदान काट्यापाशी उभा असतो, शिव्या तरी घालतो. मला काट्यावर चढवलंय, हेच मला ठाऊक नव्हतं. तिने श्रीरामपूरला यावं, समोर बसावं आणि दाखवावं: बाप 'हो' म्हणाला, ते कोणत्या पानावर आहे?