नांदगाव पेठची स्क्रीन बास्केट

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, कारण त्यात चूक माझी होती. झडतीत हवी तशी वस्तू समोर दिसली आणि मी शोध तिथंच थांबवला. त्याची किंमत एका निर्दोष माणसानं मोजली. सरकारी कागदांत हे कुठंही आलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एक कारखाना कागद गिरण्यांसाठी स्क्रीन बास्केट बनवत असे. स्टीलच्या बारीक पट्ट्या उभ्या लावून केलेलं हे गुडघाभर उंचीचं पिंप. रद्दीचा लगदा त्यातून गाळला जातो. पिना, प्लास्टिक, खडे मागं राहतात. दोन पट्ट्यांमधली फट केसासारखी बारीक आणि सगळीकडे सारखी असावी लागते. मी तिथल्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी त्या कारखान्याचे मालक ठाण्यात आले. त्यांची नवी, सुधारित बास्केट शेडमधून गायब झाली होती. संशय कुणावर, असं विचारताच त्यांनी आपल्या जुन्या फिटरकडे बोट दाखवलं. तो नोकरी सोडून गेला होता आणि अकोल्यात स्वतःची शेड टाकून बास्केटच बनवत होता.

फिर्याद नोंदवली. संध्याकाळी आमच्या खबऱ्याचा, एका टेम्पोवाल्याचा, फोन आला. "साहेब, अकोल्याले क्रोम प्लेटिंगच्या दुकानात तशीच बास्केट पाह्यली म्या. त्या फिटरनंच आणून टाकली म्हणतात."

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या ठाण्यात नोंद करून आम्ही दुकान गाठलं. बास्केट दारातच होती. मालकांनी जीपमधूनच ओळखली, "हीच!" दुकानदार काही सांगायला पुढे आला, त्याला मी गप्प बसवलं. पंच बोलावले, पंचनामा केला. फिटरची शेड त्याच गल्लीत होती. तो धावत आला तेव्हा हवालदार सील करण्यासाठी दोरीच्या गाठीवर लाख ओतण्याच्या तयारीत होते.

"साहेब, लाख नका ओतू जी! फटीत गेली तं निंगत नाई. ही माही हाय, म्या बनवली. पुढच्या हप्त्यात गिरणी दुरुस्तीले बंद राह्यते, तवाच चढवून पाहणार हायेत. हा मौका गेला तं मले कोणी दारात उभं करणार नाई."

"सगळे असंच सांगतात," मी म्हणालो. लाख ओतली गेली. गल्लीतले कामगार बघत होते. त्यांच्यादेखत त्याला जीपमध्ये बसवलं.

ठाण्यात चौकशी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, असा माझा अनुभव. याचं उत्तर एकच होतं. हवालदार म्हणाले, "अबे, खरं सांगून दे, चहा पाजतो."

"चहा राहू द्या भाऊ. माह्या बास्केटीवर बसले तुमी, तेवढे उठा."

हवालदार खरंच उठले. मलाही हसू आलं, पण मग खटकलं. चोरीच्या मालासाठी माणूस इतका जीव टाकत नाही. मी मालकांना बोलावलं आणि त्यांच्या बास्केटच्या पट्ट्या रिंगला कशा जोडल्या आहेत, ते विचारलं.

"वेल्डिंग. आमचं वेल्डिंग कुठं तुटलं तर दाखवा!"

मी रिंगवरून बोट फिरवलं. वेल्डिंग कुठंच नव्हतं. प्रत्येक पट्टी रिंगच्या खाचेत घट्ट बसवलेली होती. मालकांनीही बोट फिरवून पाहिलं. "लांबून सारखीच वाटली हो साहेब," ते हळूच म्हणाले.

पण मग त्यांची बास्केट कुठं होती? ती सापडल्याशिवाय फिटरवरचा संशय पुरता फिटणार नव्हता. मी लगेच पुन्हा अकोला गाठलं. प्लेटिंगवाला मला बघून म्हणाला, "दोन होत्या जी."

"मग काल बोलला का नाहीस?"

"बोलू कुठं दिलं? एक दिसली, उचलली, अन् मले म्हणे चूप बस."

दुकानाच्या मागच्या भागात, गोणपाटाखाली, मालकांची वेल्डिंगवाली बास्केट होती. त्यांच्याच ड्रायव्हरनं इतर मालाबरोबर ती इथं उतरवली होती आणि कुणाला न सांगता तो बहिणीच्या लग्नाला हिवरखेडला निघून गेला होता. चोरी झालीच नव्हती.

फिटरला त्याच दिवशी सोडलं आणि फिर्याद गैरसमजातून झाली होती, असा 'क' समरीचा अहवाल कोर्टात पाठवला. पण मुद्देमाल परत द्यायला कोर्टाचा आदेश लागतो. तो येईपर्यंत गिरणी पुन्हा सुरू झाली होती आणि तिथं दुसऱ्याच कुणाची बास्केट चढली होती. शिवाय "साफ करून द्या" असं मी सांगितल्यामुळं हवालदारांनी चांगल्या मनानं फटींतली लाख स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढली. पट्ट्या फाकल्या. फिटरनं त्यावरून बोट फिरवलं आणि माल परत मिळाल्याच्या सुपूर्तनाम्यावर सही केली. मी वर त्याला म्हणालो, "तुमचं नाव साफ झालं, आता काळजी करू नका." जणू उपकारच केले होते.

पुढच्या नोकरीत प्रत्येक झडतीत माल सापडल्यावरही मी विचारत राहिलो, आणखी काय आहे? नव्या मुलांनाही तेच शिकवलं. समोरचा बोलू बघतो तेव्हा त्याला बोलू द्यावं, हेही शिकवलं. त्याचा फायदा पुढच्या लोकांना झाला. ज्याचं नुकसान झालं, त्याला काय मिळालं?

निवृत्तीनंतर मी अकोल्याला गेलो. फिटरची शेड चालू होती. त्यानं मला ओळखलं.

"या साहेब. अजून कोणाचं काई हरवलं का?"

मी उभ्या उभ्याच माफी मागितली. तो रिंग घासत राहिला. मग म्हणाला, "हे इथं आत काहून सांगून राह्यले? जीपमंधी तं गल्लीत बसवलं होतं."

मी बाहेर आलो. चहाच्या टपरीवर कामगार होते, प्लेटिंगवालाही दारात आला. मी मोठ्यानं बोललो. "या माणसाला मी इथून चोर म्हणून नेलं होतं. यांनी चोरी केली नव्हती. यांचा माल माझ्या ठाण्यात खराब झाला. चूक माझी होती. तुमच्या सगळ्यांसमोर मी यांची माफी मागतो."