रग्बी क्लबात माझी पकड

मी सांगली जिल्ह्यातली. कॉलेजात कबड्डी खेळायचे आणि खेळाडूंच्या कोट्यातून बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला लागले. लग्न, मुलगी, मल्लेश्वरममधलं घर, या सगळ्यात कबड्डी कधी सुटली ते कळलंच नाही. पन्नाशीला आले तेव्हा माझा व्यायाम म्हणजे भाजीची पिशवी घेऊन बाजारातून घरापर्यंत चालणं, एवढाच उरला होता.

तेवढ्यात आमच्या विभागात एक नवी इंजिनिअर आली. इथल्याच जुन्या मराठी घरातली, बोलण्यात निम्मं कन्नड. शिकायला ऑस्ट्रेलियात होती, तिथे तिला रग्बी लीगचं वेड लागलं, आणि परत आल्यावर तिने चार मैत्रिणींना धरून बायकांचा क्लब काढला. एकदा कँटीनमध्ये जेवताना म्हणाली, "अक्का, रविवारी आमच्या रग्बी लीगला येता का? स्वल्प मदत पायजे. टॅकल, म्हणजे पकडी, मोजायला माणूस नाही."

"कुठली लीग? कोणाकोणाचे सामने आहेत?"

ती हसली. "लीग हे खेळाचंच नाव, अक्का. रग्बीचे दोन प्रकार. आमच्यात तेरा जणी. बॉल घेऊन पुढे पळायचं, पलीकडच्या रेषेमागे टेकवला की गुण. पण पास मागेच द्यायचा. समोरच्यांनी सहा वेळा पकडून पाडलं की बॉल त्यांना."

"पकडून पाडलं" ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला.

रविवारी इंदिरानगरच्या पुढे एका शाळेच्या मैदानावर गेले. तांबडी माती, कडेला गुलमोहर, आणि मुली अकराच. मी रेषेजवळ उभी राहून मोजायला लागले. त्यांच्यात शिवाजीनगरच्या एका दवाखान्यातली नर्स होती, अंगापिंडाने दणकट. ती बॉल घेऊन निघाली की दोघी तिचा टी-शर्ट धरायच्या आणि तिच्यामागे फरफटत जायच्या. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मला राहवलं नाही.

"अगं, कापड कशाला धरतेस? मांडी धर, मांडी!"

त्या दोघींना मराठी कळलं नाही. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि आत गेले. नर्सला हाताने खुणावलं, पळत ये.

"बेडा अक्का," ती म्हणाली. नको, लागेल तुम्हाला.

"ये म्हणते ना!"

ती आली. मी डोकं बाजूला घेतलं, खांदा तिच्या मांडीला लावला आणि दोन्ही हात गुडघ्यांमागे आवळले. दोघी धाडकन खाली. मग मातीतूनच नर्सचं हसू ऐकू आलं. "इन्नोंदु सल, अक्का!" पुन्हा एकदा!

घरी आले तर कोपर सोललेलं. नवरा घाबरून म्हणाला, "पडलीस कुठे?"

"पडले नाही," मी म्हटलं, "पाडलं."

त्यानंतर दर रविवारी मी जायला लागले. टॅकल मोजायचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि पकड शिकवायचं माझ्याकडे आलं. घोट्याची, मांडीची, दोघींनी मिळून धरायची. तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या शहरातला एक क्लब सामन्याला आला. आमच्या मुलींनी अशा पकडी केल्या की माझी छाती फुगली. पण पंचांची शिट्टी काही थांबेना. दर थोड्या वेळाने पेनल्टी, आणि तीही आमच्याच विरुद्ध. आम्ही हरलो.

पंच वयस्कर होते. सामना संपल्यावर माझ्याकडे आले. "मॅडम, तुमच्या मुली सुंदर धरतात. पण सोडतच नाहीत. खाली पाडलं की सोडायचं. तिला उठून बॉल पायाने मागे सरकवू द्यायचा असतो."

मी चेहरा लपवायला पाण्याची बाटली तोंडाला लावली. आमच्या कबड्डीच्या मास्तरांनी एकच घोकून घेतलं होतं, जीव गेला तरी सोडायचं नाही. मी तेच या मुलींच्या अंगात मुरवलं होतं.

परत येताना बसमध्ये मी सांगून टाकलं, "आजची हार माझी आहे."

इंजिनिअर मुलगी मागच्या सीटवरून पुढे वाकली. "सोडा हो अक्का. गेल्या वेळी तेरा जणीच जमल्या नाहीत म्हणून सामनाच झाला नव्हता. आज सत्तर मिनिटं उभ्या होतो." बाकीच्यांचं बोलणं तर अँटीसेप्टिक आणि मसाला दोसा यावर चाललं होतं. माझ्या हारीकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

पुढच्या रविवारपासून मी कन्नडमध्ये ओरडायला लागले. हिडी म्हणजे धर, बिडू म्हणजे सोड. हिडी, बिडू, हिडी, बिडू. पहिल्या दिवशी माझेच हात बिडू ऐकत नव्हते. मुली खो खो हसत होत्या. पावसाळ्यानंतर त्याच क्लबाकडे खेळायला गेलो तेव्हा दोनच पेनल्टी झाल्या, आणि शेवटच्या मिनिटांत नर्स रेषेपलीकडे बॉलसकट आडवी पडली. जिंकलो. मी कुणाला मिठी मारली आठवत नाही, बहुतेक पंचांना.

आता आमच्याकडे दोन संघ होतील एवढ्या मुली येतात. काही कॉलेजातल्या, काही ऑफिसातल्या, एक तर दोन मुलांची आई. नवरा निवृत्त झालाय, तोही येतो आणि मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो. रेषा जरा वाकड्या येतात. मुली त्याला "सरी इदे अंकल" म्हणतात, बरोबर आहे म्हणून, आणि तो खूश होऊन पुढची रेषा तशीच वाकडी मारतो.