तहसीलदारांची दश्शी

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पत्ते कुटणाऱ्या टोळक्याला इंग्रज लोक बोलताना ‘कार्ड स्कूल’ म्हणतात, हे मला फार उशिरा एका कादंबरीत वाचायला मिळालं. आम्ही केजमध्ये त्याला फड म्हणत होतो. निजामी अमलात सुट्टी शुक्रवारची. दुपारची झोप झाली की कचेरीच्या मागच्या ओसरीवर सतरंजी पडे आणि चौघे मेंढीकोट खेळायला बसत: तहसीलदार, त्यांच्यासमोर त्यांचे भिडू म्हणून कचेरीत त्यांच्यापुढे कागद मांडणारे पेशकार, आणि विरुद्ध बाजूला सरकारी डॉक्टर व मी, गावातला एक वकील.

मेंढीकोटात चार दश्श्यांसाठी सगळा झगडा. ज्याच्याकडे जास्त दश्श्या, तो जिंकला. त्यामुळे शहाणा माणूस दश्शी लपवून ठेवतो आणि एक्के-राजे संपल्यावर बाहेर काढतो. आमचे तहसीलदार उतारीलाच दश्शी आपटत. तीही मांडी थोपटून. मग डॉक्टर हातातला एक्का मागे सरकवून दुरी-तिरी टाकत, हुकूम असला तरी मी कापत नसे, आणि दश्शी सुखरूप घरी जाई. असा नियम कुणी केला नव्हता. डॉक्टरांच्या औषधांची मागणी आणि माझ्या अशिलांचे अर्ज तहसीलदारांच्या सहीवाचून हलत नसत, एवढंच. पाचसहा वर्षं असं जिंकल्यावर त्या सद्‌गृहस्थांना आपण पट्टीचे खेळाडू असल्याची खात्री पटली होती.

त्या वर्षी पेशकारांची बदली तेलंगणात, नलगोंड्याला झाली. त्यांना तेलगूचं अक्षर येत नव्हतं. शिवाय घरी आई अर्धांगवायूनं पडून. तिला गाडीत घालून न्यावं, तर ती वाटेतच जायची. बदली थांबवणं अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या साहेबांच्या हातात होतं, आणि ते दौऱ्यावर आले नेमके शुक्रवारी.

“मीच शब्द टाकतो. पण आधी साहेबांना खूश करू,” तहसीलदार म्हणाले.

कमानी उभारल्या, अत्तर शिंपडलं, सतरंजीवर गालिचा आला. मी जागा सोडली आणि साहेब डॉक्टरांचे भिडू झाले. मी पेशकारांच्या मागे टेकलो. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “साहेबांना जिंकू द्या.”

“मला कळतंय हो. आमच्या सरकारांना कोण सांगंल?” ते पुटपुटले.

सरकारांनी सवयीनं चौकटची दश्शी आपटली. साहेबांनी शांतपणे तिच्यावर एक्का ठेवला. त्या एक्क्याकडे तहसीलदार असे बघत राहिले, जणू कुणी विनापरवाना कचेरीत घुसलं होतं. पुढे एक हात मिळताच त्यांनी इस्पिकची दश्शी आपटली. इस्पिकचा एक्का पेशकारांच्या हातात होता. तो टाकला असता तर दश्शी वाचली असती. पेशकारांनी पंजी टाकली. साहेबांनी राजा टाकून हात उचलला. मग साहेबांनी किलवरचा एक्का उतरला, तेव्हा पेशकारांनी त्याच्यावर आपली किलवरची दश्शी नैवेद्यासारखी ठेवली.

“दहला? वाह!” साहेब खुलले.

बदामची दश्शी डॉक्टरांकडेच होती. चारही गेल्या. आमच्या तहसीलदारांवर मेंढीकोट चढला.

पण पत्ता गिळता येत नाही. शेवटच्या हाताला पेशकारांना दडवलेला इस्पिकचा एक्का सर्वांसमोर गालिच्यावर ठेवावाच लागला.

साहेबांचं हसू थांबलं. “इक्का तुमारे पास था? फिर दबा के कायकू रखे?”

खरं कारण सांगितलं असतं तर साहेबांचा विजय खोटा ठरला असता. पेशकार म्हणाले, “हुजूर, ध्यानातच न्हाई राहिलं.”

“हातातला एक्का ध्यानात राहत नाही!” तहसीलदार कडाडले. मेंढीकोटाचं कारण त्यांना आत्ता सापडलं होतं. “हुजूर, ही अशी तऱ्हा. इतकी वर्षं मी एकटा ओढतोय यांना.”

“और इसीका तबादला रोकने का बोल रहे थे तुम?”

“मी? म्हणजे… त्यांच्या आईची तब्येत जरा…”

“नको, नको. रोक्या तो तुमपेच जुलूम होता,” साहेब दयाळूपणे म्हणाले आणि चहाकडे वळले. तहसीलदारांनी वाकून आभार मानले.

आईला धाकट्या भावाकडे तेलगावला ठेवून पेशकार निघाले. निरोपाला हार, पेढे आणि तहसीलदारांचं भाषण झालं. त्यात पेशकारांच्या इमानाची तोंड भरून तारीफ होती. “खेळ तेवढा त्यांना कधी जमला नाही,” असं शेवटी जोडून तहसीलदार मोठ्यानं हसले, आणि सगळी कचेरी हसली.

गाडीत पाय ठेवताना पेशकारांनी गळ्यातला हार काढून बैलांपुढे टाकला.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “आईला म्हातारपणी, मी कशापायी गेलो ते सांगू नका. सरकारी हुकूम हाय, एवढंच तिला ठाऊक हाय.”